काटा लाल, वारा थंड

आमच्या काकाला गावात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे ‘परवा’ म्हणतात. तोंडावरही आणि पाठीमागेही. पाठीमागे आवाज जरा मोठा असतो, एवढंच.

ब्रेक म्हणा, क्लच म्हणा, काका उभ्याउभ्या करून देतो. तुमचा चहा संपायच्या आत गाडी दारात. पण तुम्ही म्हणालात की इंजिन तापतंय, आणि हीटर लावला तर वारा मात्र थंड येतोय, की संपलं. तो हातातलं काम खाली ठेवतो, हात पुसतो, तुमच्याकडे न बघता गाडीकडे बघतो आणि म्हणतो, “ठेवून जा. परवा.” मग तुम्ही घरी लग्न आहे सांगा, बाळंतिणीला आणायचंय सांगा, परवाचा उद्या होत नाही. आमचं गाव चढाच्या पायथ्याशी. पलीकडे जायला खिंडीतून एकच रस्ता. हिवाळ्यात निम्म्या गाड्या तापतात आणि उरलेल्या निम्म्यांचे मालक आपलीही तापेल या धास्तीने आधीच येतात. त्यामुळे थंडीचे चार महिने काका दिवसातून सात-आठदा तो शब्द उच्चारतो. नाव पडायला तेवढं पुरे झालं.

मी त्याचा सख्खा पुतण्या. नोकरी पाणीपुरवठा खात्यात. ही माहिती आत्ता निरुपयोगी वाटेल, पण पुढे तिच्यावरून माझी शोभा होणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकली.

काकाचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. पुढे दोन गाड्या राहतात, मागे फळी आणि फळीवर डबे. आत शेगडी नाही. हिवाळ्यात शेजारचा पंक्चरवाला टायरचे तुकडे पेटवून शेकत बसतो, गिऱ्हाइकं त्याच्याकडे जाऊन उभी राहतात आणि काका आत एकटा, सुती शर्टाच्या बाह्या वर करून. स्वेटर नाही. आईने आजवर त्याला तीन स्वेटर विणून दिले. तिन्ही कपाटात घडी घालून आहेत, डांबराच्या गोळ्यांसकट. थंडी वाजत नाही का विचारलं तर म्हणतो, वाजते की.

त्या ‘परवा’पर्यंत तो नेमकं काय करतो, हे मी एकदा रजा टाकून बघितलं. पहिल्या दिवशी काही नाही. गाडी थंड होऊ देतो आणि मालकाला प्रश्न विचारतो. किती दिवस झाले, चढावर तापते की सपाटीवरही, शेवटचा हात कुणी लावला. मालक खोटं बोलतो, काका परत विचारतो. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करून बॉनेटखाली हात घालतो. तिथे हीटरकडे जाणारे दोन रबरी पाईप असतात. एक इंजिनातलं गरम पाणी आत नेतो, दुसरा परत आणतो. एक गरम नि एक थंड असला तर हीटर तुंबलाय. दोन्ही थंड, तर पाणी तिथवर पोचतच नाहीये. न पोचायची कारणं तीन-चार. पाणी कमी आहे, किंवा मधे हवा अडकलीये, किंवा पाणी फिरवणारा पंप गेलाय, किंवा याहून वाईट काहीतरी. काका ती सगळी एकेक करून तपासतो. पाणी कमी आहे हे स्वच्छ दिसत असलं तरी उरलेली तपासतोच. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन एकटा खिंडीच्या माथ्यावर जाऊन येतो, बिनस्वेटरचा. हीटरने ऊब दिली तर गाडी बरी झाली. नाही दिली तर काका निळा पडून खाली येतो आणि मालकाला आणखी एक परवा मिळतो.

हे सगळं विक्षिप्त म्हणून चालून गेलं असतं. गावात प्रत्येक धंद्यात एकेक विक्षिप्त आहेच. पण गेल्या हिवाळ्यात मी त्याचा डबा घेऊन गेलो तेव्हा तो एका तापलेल्या गाडीत काचा वर करून बसला होता. इंजिन चालू. ड्रायव्हरच्या जागेवर नाही, शेजारच्या. उजवा तळहात हीटरच्या जाळीसमोर धरलेला, मान थोडी कलती, फोनवर समोरच्याचं नीट ऐकू येत नसलं की आपण करतो तशी. मी काच वाजवणार तेवढ्यात तो जाळीला म्हणाला, “टाकलंस का पाणी?”

मी ड्रायव्हरच्या जागेकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. काका उत्तराची वाट बघत होता. डबा बॉनेटवर ठेवून मी निघालो. मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे, त्यामुळे पळालो नाही. भरभर चाललो.

आता बाबांचं सांगायला हवं. माझे बाबा म्हणजे काकाचा थोरला भाऊ, त्याचा दादा. औषधांची व्हॅन चालवायचे, आठवड्यातून दोनदा खिंडीपलीकडे. ते गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, म्हणून मला त्यांचं जे आठवतं ते सगळं आईचं आहे. काकाला या धंद्यात त्यांनीच घातलं. बावीस वर्षांचा काका म्हणे तेव्हा भलताच हुशार होता. आवाजावरून आजार सांगायचा. गाडी फाटकातून आत यायच्या आधी हातात पाना घेऊन उभा. बाबा चारचौघांत सांगायचे, आमच्या धाकट्याशी गाड्या बोलतात.

त्या दिवशी बाबा पलीकडून घरी यायला निघाले होते. पलीकडच्या चढाच्या मध्यावर एक पेट्रोल पंप आहे, वाटेत थांबायला तेवढीच जागा. तिथल्या फोनवरून त्यांनी गॅरेजात फोन केला. काटा लालवर गेलाय, आणि हीटर मात्र थंड वारा फेकतोय. काका तेव्हा दुसऱ्या गाडीखाली आडवा होता. कोणीतरी रिसीव्हर त्याच्या कानाशी धरला. त्याने गाडीखालूनच, एका दमात सांगितलं, “पाणी कमी असेल, दादा. गार होऊ दे, पाणी टाक, नि निघ.”

एकही प्रश्न विचारला नाही. तशी गरजही नव्हती. दहातल्या नऊ गाड्यांना हेच उत्तर लागू पडतं. कुठल्याही मिस्त्रीने हेच दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ काढणाऱ्या लोकांना व्हॅन माथ्याच्या जरा आधी, पलीकडच्या चढावरच सापडली. इंजिन तापून जाम झालेलं. बाबा आत, हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. इंजिन उकळून मेलं आणि माणूस थंडीने. एकाच गाडीत, मधे एक पत्रा.

व्हॅन खाली आणल्यावर काकाने कुणाला हात लावू दिला नाही. इंजिन स्वतः उघडलं. पंप बाहेरून ठणठणीत होता, गळती नाही, आवाज नाही, पट्टा जागेवर. पण आतला पंखा दांड्यावर सैल झाला होता. तो पंप आजही फळीवर आहे, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. मी लहानपणी त्याच्याशी खेळलोय. बाहेरची पुली फिरवली की मजेत फिरायची, पण आतला पंखा जागचा हलायचा नाही. मला ती गंमत वाटायची. काकाने माझ्या हातातून तो कधीच काढून घेतला नाही. फक्त बघत राहायचा, मी किती वेळ फिरवतोय ते.

एक गोष्ट मात्र काकाला कधीच कळली नाही. रेडिएटर थंडीने तडकला होता, टिपूसभर पाणी राहिलं नव्हतं. दादाने पाणी टाकलं होतं की नव्हतं? टाकलं असेल, तर दादा आपल्या शब्दावर निघाला. टाकलं नसेल, तर स्वतःच्या घाईने. पेट्रोल पंपावरच्या माणसाला आठवत नव्हतं. विचारायला दुसरं कोणी नव्हतं, निदान काकाला तसं वाटत होतं.

तेव्हापासून तो फोनवर आजार सांगत नाही. गॅरेजातला फोन त्याने काढून टाकला. पुढे मोबाईल आला, तो घेतला, पण फोनवर कोणी गाडीचं नाव काढलं की एकच, “घेऊन या.” येत नाही म्हणूनच फोन केलाय हो, असं माणूस कळवळून सांगतो. तोवर काकाने फोन ठेवलेला असतो.

इतकं सगळं ठाऊक असून मी गाढवपणा केला. महिन्यापूर्वी माझ्या जुन्या गाडीचा एक पाईप फुगला. काकाकडे नेली तर परवा. मला आईला घेऊन दुसऱ्याच दिवशी मावशीकडे जायचं होतं. म्हणून जाताना पलीकडच्या शहरात एकाकडे दाखवली. त्याच्या पाटीवरच लिहिलं होतं, अर्ध्या तासात. त्याने पंचवीस मिनिटांत पाईप बदलला, वरून गाडी पुसूनही दिली. मी मनात म्हटलं, बघ काका. येताना खिंडीत काटा जरा वर सरकला होता, त्याकडे मी काणाडोळा केला. पुढे महिनाभर गाडी गावातल्या गावात फिरली, सगळं सपाटीवर.

परवाच्या रविवारी पुन्हा मावशीकडे जाऊन परत येत होतो; जातानाही चढावर काटा तसाच जरा वर होता. मी आणि आई. दुपारचे दीड-दोन. ऊन होतं, पण दाखवण्यापुरतं. चढ लागला आणि आई म्हणाली, “अरे, हीटर बंद केलास का?” मी म्हटलं, चालू आहे. तिने शाल ओढून घेतली. मी जाळीवर हात धरला. वारा थंडगार. आणि मग मी काट्याकडे बघितलं.

तो लालच्या कडेला टेकला होता.

सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार गाडीचा आला नाही. आईने काटा पाहिलाय का, हा आला. तिने पाहिला होता. पुढच्या वळणावर पेट्रोल पंप दिसला तेव्हा म्हणाली, “आत घे.”

तोच पंप. दुसरा असणार कुठे? तिथला फोन कधीच गेलाय, पण भिंतीवर त्याची चौकोनी जागा अजून पांढरी आहे, बाकी भिंत धुराने काळवंडलेली. मी गाडी बंद केली. बॉनेटखालून केटलीसारखा आवाज येत होता. पंपावरचा माणूस बाहेर आला, डोकावला आणि लगेच म्हणाला, पाणी कमी असेल, गार होऊ द्या, पाणी टाका नि निघा. हीच वाक्यं, याच क्रमाने. त्याची चूक नव्हती. सगळे हेच म्हणतात. आई त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत उभी होती. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “भावजींना फोन लाव.”

तो फोनवर सांगत नाही, तुला माहितीये, असं मी म्हटलं. तिने नुसता हात पुढे केला. मग मीच लावला.

काकाने उचलला. पाठीमागे पंक्चरवाल्याचं कोणाशीतरी भांडण चाललेलं ऐकू येत होतं. मी एका दमात सांगितलं: पलीकडच्या पंपावर आहे, आई सोबत आहे, काटा लाल, हीटर थंड. मग माझ्या लक्षात आलं की आपण काय शब्द वापरले.

भांडण ऐकू येईनासं झालं. काका बहुधा शेडच्या मागच्या बाजूला गेला असावा, फळीजवळ. मी म्हटलं, काका, आहेस ना? मग त्याने विचारलं, “इंजिन बंद केलंयस?”

हो म्हटलं. झाकणाला हात लावलास का? नाही. लावू नकोस, तोंड भाजेल. बॉनेट उघड, हीटरचे दोन पाईप दिसतात का बघ. दिसतात. हात ठेव, आधी बोटाने बघ. दोन्ही थंड होते. काका, दोन्ही थंड आहेत, असं सांगताना माझा आवाज बारीक झाला. वरचा जाड पाईप? तो चटका देत होता. पुढचा प्रश्न आला, “महिन्याभरात कुणी हात लावला गाडीला?”

मी म्हटलं, नाही.

“खरं सांग.”

मग अर्ध्या तासवाला सांगावाच लागला. पाईप बदलला, पुढे काय केलं? नवीन पाणी भरलं. भरल्यावर हवा काढली का? मी म्हटलं, कसली हवा? काका म्हणाला, “पाणी खात्यात आहेस ना तू? नळात हवा अडकली की पाणी येतं का? हवेची बिलं काढता तुम्ही, आणि मला विचारतोस कसली हवा.” मी सांगितलं होतं ना, शोभा होणार म्हणून. पण त्या बोलण्याने मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. गेल्या तेवीस वर्षांत काका फोनवर पहिल्यांदा मिस्त्रीसारखा बोलत होता.

इंजिन गार व्हायला पाऊण तास गेला. खिंडीच्या माथ्यावरचं फाटक हिवाळ्यात साडेपाचला बंद होतं, मग सकाळपर्यंत गाड्या सोडत नाहीत. पंपावरची खोली ही खोली कमी आणि कपाट जास्त होती, आणि तिथे आधीच एक ट्रकवाला झोपला होता. म्हणजे साडेपाचच्या आत माथा नाही गाठला तर रात्र गाडीत. आई मागच्या सीटवर बसून राहिली. मी तिला म्हटलं, चहा आणू? नको म्हणाली.

मग काकाने पुढचं सांगितलं. गाडीचं तोंड चढाकडे कर, म्हणजे हवा वर येईल. फडकं धरून झाकण थोडं फिरव, थांब, मग काढ. पाणी दिसत नव्हतं. बादलीतून तांब्याने टाकलं. साडेतीन तांबे मावले. झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू कर, हीटर पूर्ण गरमवर, वरचा पाईप दाबत राहा. बुडबुडे आले, बदाबदा आले, मग कमी झाले, मग थांबले. थांबले का? थांबले. परत येतायत का? नाही. त्याने चार वेळा विचारलं. आता तापल्यावर पाणी बघ. हलतंय का? एका बाजूने येऊन दुसरीकडे जाताना दिसतंय का?

मी वाकून बघितलं. पाणी सरकत होतं. पंप फिरवत होता. मी हीटरच्या पाईपांवर हात ठेवला, एक गरम, मग हळूहळू दुसराही. आईने मागून सांगितलं की वारा ऊन यायला लागला. काटा मध्यावर उतरून स्थिर झाला. मी हे सगळं सांगितलं. म्हणजे पाणीच कमी होतं आणि हवा होती, बाकी काही नाही. दहातल्या नऊ गाड्यांसारखंच.

आता त्याने एक शब्द म्हणायचा राहिला होता.

मी वाट बघत होतो. फोन तुटला नव्हता, त्याचा श्वास ऐकू येत होता. झाकण लावलं, म्हटलं. बॉनेट बंद केलं, म्हटलं. मग काका, निघू ना?

पुन्हा विचारलं. काका म्हणाला, “थांबा. मी येतो.” आणि फोन ठेवला.

मी आईला म्हटलं, सगळं ठीक आहे, आपण निघू, वाटेत भेटेल तो. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. माथा वीस मिनिटांवर. आई म्हणाली, नाही. मी हात टेकले. मी म्हटलं, गाडी बरी झाली, तू बघतेयस, काटा बघ, वारा बघ. तेव्हा ती म्हणाली, “ते म्हटल्याशिवाय नाही. मागे एकदा मी घाई केलीये.”

कधी, असं मी विचारलं नाही. पंपावरच्या भिंतीसमोर ते विचारायचं धैर्य झालं नाही.

काका साडेचारला आला. कोबी भरलेल्या एका ट्रकमधून उतरला, सुती शर्टात, पान्यांची पिशवी काखेत. फोन ठेवल्याठेवल्या रस्त्यावर येऊन त्याने पहिला ट्रक थांबवला असणार. ओठ निळे. माझ्याशी बोलला नाही. बॉनेट उघडून त्याने सगळं पुन्हा केलं, मी केलेलं एकेक. पाईप, पाणी, बुडबुडे. पंपाजवळ कान नेऊन ऐकलं. पट्टा चिमटीत धरून ओढून पाहिला. पाचला मी घड्याळ त्याच्यापुढे धरलं. त्याने बॉनेट आपटलं आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. मी इंजिन सुरू केलं. काटा मध्यावर. जाळीतून ऊन वारा येत होता. बाहेर उजेड पिवळा पडत चालला होता.

मी गिअरवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होतो. सगळं तपासून झालं होतं. सांगायला उरलं होतं ते एका शब्दाचं काम, आणि ते त्याच्याच्याने होत नव्हतं. त्याने तळहात जाळीसमोर धरला. मान कलली. मला कळलं आता काय होणार, आणि मी गिअरवरचा हात काढून घेतला.

“टाकलंस का पाणी?” काकाने जाळीला विचारलं.

“टाकलं होतं त्यांनी,” आई म्हणाली.

काकाने मागे वळून बघितलं नाही. हातही हलवला नाही.

आईने मग सांगितलं, अगदी सावकाश, भाजी निवडताना बोलावं तसं. त्या दिवशी बाबांनी दोन फोन केले होते. पहिला गॅरेजात. दुसरा घरी, तासाभराने, याच पंपावरून. पाणी टाकलं म्हणाले. टाकून थोडं वर जाऊन आलो, काटा परत चढला. धाकट्याला पुन्हा विचारतो म्हणाले, आता तो गाडीखालून निघाला असेल. “मी म्हटलं, विचारत काय बसलाय, अंधार पडेल. या लवकर. पोराला ताप आहे. साधा ताप होता, भावजी. रात्रीत उतरला.”

तेवीस वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. तो तापलेला पोरगा मी, आणि मलाही नाही. सणकून काहीतरी बोलावं असं मला वाटलं, किंवा काहीतरी थट्टेचं. दोन्ही जमलं नाही.

काका बराच वेळ हाताकडे बघत होता. मग म्हणाला, “मला परत विचारणार होता?”

“हो.”

“दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी थांब म्हटलं असतं.”

“माहितीये मला,” आई म्हणाली. “म्हणून तर सांगितलं नाही.”

यात कोणाचं ओझं हलकं झालं आणि कोणाचं वाढलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढे गॅरेजातला पंप फळीवरून हलला नाही. काकाचा ‘परवा’ तसाच आहे. त्या अर्ध्या तासवाल्याचं नाव निघालं तर परवावरून तेरवावर जातो. स्वेटर कपाटातच आहेत. मी मुद्दाम बघितलं.

पण त्या संध्याकाळी पाच वाजून सात मिनिटांनी त्याने जाळीसमोरचा हात काढून मांडीवर ठेवला. आरशात आईकडे एकदा पाहिलं. मग समोर रस्त्याकडे बघत, कोणाला म्हटलं ते कळणार नाही अशा आवाजात, म्हणाला, “निघ.”

मी गाडी गिअरमध्ये टाकली.